न खाल्लेली तंबाखू

मानेतली गाठ पहिल्यांदा न्हाव्याच्या हाताला लागली. दाढी आटपून तुरटी फिरवताना सुभाषचा हात डाव्या जबड्याखाली थांबला.

"अण्णा, हितं काय झालंय?"

निवृत्ती मगदूमनं स्वतः चाचपून पाहिलं. आवळ्याएवढी गाठ होती. दुखत नव्हती, खुपत नव्हती. "जुना मार असंल कुणाच्या तरी कोपराचा," म्हणत तो खुर्चीतून उठला.

असा मार बसण्याइतपत कुस्ती त्यानं तरुणपणी केली होती. नाव झालं ते मात्र कुस्ती सुटल्यावर, हातात माइक आल्यावर. कोल्हापूर-सांगलीकडं कुठंही कुस्त्यांचं मैदान भरलं की निवेदनाला निवृत्तीअण्णाच लागायचे. आता मैदानावर ड्रोन फिरत, डाव पुन्हा पुन्हा दाखवणारे मोठे पडदे लागत, आणि म्हणाल त्या आवाजात निवेदन करून देणारी यंत्रंही भाड्यानं मिळत. एका गावानं तसं यंत्र आणून पाहिलं, तर लोक निम्म्यातून उठून गेले. दोन पैलवान सलामीला भिडले की हा कुणाचा पोरगा, कुणाच्या हाताखाली तयार झाला, त्याच्या आईनं म्हैस विकून खुराक कसा पुरवला, हे अण्णांनी सांगावं आणि हलगीनं त्याला साथ द्यावी, ही लोकांना सवय झाली होती. त्यांच्या आवाजात धार होती आणि जिव्हाळाही होता.

मोठ्या कुस्तीआधी ते दर मैदानात पोरांना चार शब्द सांगत. तंबाखू, मावा, गुटखा, कशालाही शिवू नका. पैलवान लंगोटाचा सच्चा हवा आणि तोंडाचा स्वच्छ हवा. हे त्यांनी म्हटलेलं लोक मानत, कारण अण्णा स्वतः तसे आहेत असा सगळ्या पंचक्रोशीचा विश्वास होता.

पुढं महिना गेला तरी गाठ बसली नाही, उलट वाढलीच. निवृत्तीची बायको राजाक्का गावातल्या बायकांच्या गटाचं चटणीचं कांडप चालवायची. तिनं एक दिवस मिरच्या तशाच उन्हात सोडल्या आणि त्याला गाडीत बसवून मिरजेच्या दवाखान्यात नेलं. "नुसतं दाखवून येऊ," ती म्हणाली.

डॉ. शमा मुजावर गळ्याच्या कर्करोगाच्या तज्ज्ञ होत्या. चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी मान पाहिली, नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहिला, आणि एका नळीत थुंकायला सांगितलं. नळी कोपऱ्यातल्या यंत्रात गेली. राजाक्का चहा आणायला खाली गेली तेवढ्यात यंत्राचं उत्तर आलं.

"अण्णा, घसा मोठ्यानं बोलून बिघडलेला नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जिभेच्या मुळाशी, टॉन्सिलच्या घडीत मुगाच्या दाण्याएवढी जखम आहे. कर्करोग आहे. मानेतली गाठ ही त्याचीच शाखा."

तो खुर्चीत सावरून बसला. "एवढीशी जखम, आणि गाठ एवढी मोठी?"

"ह्या प्रकारात तसंच होतं. टॉन्सिल ही शरीराची नाक्यावरची चौकी. तिथून मानेतल्या गाठींकडं सरळ वाट जाते. रोग लहान असतानाच त्या वाटेला लागतो. म्हणून घशाचं कळायच्या आधी गळ्याचं कळतं."

"कशानं झाला? मी कधी विडीसुद्धा ओढली नाही."

"माहीत आहे. यंत्रानं तेच सांगितलंय."

मग त्यांनी यंत्राचं काम समजावून सांगितलं. तोंडातली प्रत्येक पेशी मरते तेव्हा तिच्या जनुकांचे तुकडे लाळेत पडतात. यंत्र असे लाखो तुकडे वाचतं, त्यातले रोगी पेशींचे निवडून काढतं, आणि त्या पेशी बिघडल्या कशानं, तेही सांगतं. तंबाखूनं बिघडलेल्या पेशीच्या जनुकांवर ठरावीक तऱ्हेचे ओरखडे असतात. दारूचे वेगळे. आणि काही पेशींत ओरखडे नसतात, तिथं परक्याचीच जनुकं शिवून बसलेली असतात. ती असतात एचपीव्ही नावाच्या विषाणूची.

"आपल्या पेशीत दोन राखणदार असतात," डॉक्टर म्हणाल्या. "एक पेशीला उगाच वाढू देत नाही. दुसरा, पेशी बिघडली तर तिला मरायला लावतो. हा विषाणू दोन प्रथिनं तयार करतो, आणि ती ह्या दोघांना निकामी करतात. मग पेशी वाढतही राहते आणि मरतही नाही. हे व्हायला वीस-वीस, तीस-तीस वर्षं लागतात."

"हा विषाणू येतो कुठनं?"

"माणसाकडून माणसाला. शरीरसंबंधातून," त्यांनी सरळ सांगितलं. "बायकांना गर्भाशयाच्या तोंडाशी जो कर्करोग होतो, तो ह्याच विषाणूनं. आता त्याची लस सगळ्या पोरींना मिळते, पोरांनाही मिळायला लागली. तुमच्या वेळी नव्हती. अण्णा, हा चारित्र्याचा दाखला नव्हे. बहुतेक माणसांना तो आयुष्यात कधी ना कधी लागतो आणि शरीर त्याला पुसून टाकतं. थोड्यांच्यात राहतो."

पण पुढचं त्याच्या कानात शिरलंच नाही. कोल्हापुरात तालमीत होता तेव्हा मागच्या गल्लीत दुधाचा रतीब घालणारी हौसा नावाची एक विधवा राहायची. एक हिवाळाभर तो तिच्याकडं जात होता. वस्तादांना कळेल ह्या भीतीनं त्यानं अचानक जाणं बंद केलं, तिला काही न सांगता. त्याचं लग्न त्यानंतर झालं, आणि लग्नानंतर त्याचं पाऊल कधी वाकडं पडलं नव्हतं. तो हिवाळा आपण सोडून कुणालाच ठाऊक नाही, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. आणि कोपऱ्यातलं ते पांढरं यंत्र त्याला आज ते सांगत होतं.

"ह्याच्यावर चांगला उपचार आहे," डॉक्टर सांगत होत्या. "आणि एक गोष्ट. घरच्या बाईंची तपासणी करायला हवी. त्यांच्यातही तो असू शकतो. तुमच्या परवानगीशिवाय तुमचं मी त्यांना काही सांगणार नाही. तुम्हीच सांगा."

"सांगतो," तो म्हणाला.

राजाक्का दोन कप सांभाळत जिन्यावरून आली तेव्हा तो बाकावर बसला होता. तिनं विचारलं, तसं त्यानं रोगाचं नाव सांगितलं. 

"कशानं झाला म्हणाल्या?"

"तंबाखूनं."

"तंबाखूनं?"

"खायचो मी," तो खाली बघून म्हणाला. "मैदानावर गेलो की. कुणाला कळू दिलं नाही."

राजाक्का बराच वेळ त्याच्या तोंडाकडं पाहत होती. मग तिनं कप त्याच्या हातात दिला. "प्या. गार होतोय," एवढंच ती बोलली. पोलादी बायको मिळाली, असं तेव्हा त्याच्या मनात आलं.

खोटं एकदा घरात आलं की त्याला बाहेरही न्यावं लागतं. पुढच्या खेपेला दुसरे एक तरुण डॉक्टर भेटले. त्यांनी राजाक्कासमोरच विचारलं, "तंबाखू?" तो म्हणाला, "होय. पुष्कळ वर्षं." त्यांनी मान डोलावली आणि उपचार बदलले. विषाणूच्या जोडीला तंबाखू असली तर रोग चिवट होतो, अशा रोग्याला पूर्ण ताकदीचा किरणांचा शेक आणि कडक औषधं देतात. सौम्य उपचार त्याला चालत नाहीत.

डॉ. मुजावरांनी ते पाहिलं आणि त्याला एकट्यालाच आत बोलावलं.

"अण्णा, तुम्ही तंबाखू खात होता?"

"होय."

"यंत्राला एकही ओरखडा सापडला नाही. दोनदा वाचून घेतलं मी." त्या थांबल्या. त्याला काही बोलायचं असेल तर वेळ मिळावा म्हणून थांबल्या, हे त्याला कळलं. "पूर्ण शेक दिला तर तुमच्या लाळेच्या ग्रंथी जळतील, गिळणं अवघड होईल. आवाज तर जाईलच. आणि त्याची गरज नाही. कुणाला दाखवायला एवढं सोसणार आहात?"

त्यानं मान वर केली नाही. "घरात तसं सांगितलंय," तो पुटपुटला.

"मग घरात खरं सांगा. निदान तपासणीपुरतं."

"सांगतो. माझं एवढं होऊ द्या."

 मग डॉक्टरांनीच एक वाट काढली. कुणाचं काही न सांगता, पन्नाशी उलटलेल्या सगळ्या बायकांना करतात तशी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी म्हणून नर्सनं राजाक्काला बाहेर बाकावर एक नळी आणून दिली. "मावशी, स्वतःची स्वतःच करायची, आडोशाला जाऊन. पाच मिनिटांचं काम."

राजाक्कानं नळी परत तिच्या ट्रेमध्ये ठेवली. "मला काही होत नाही. आधी ह्यांचं होऊ दे."

तो दारातच उभा होता. 'कर की, बरं असतं,' एवढं म्हणायला त्याला माइक लागत नव्हता. पण ती 'का' म्हणून विचारेल, ह्या एका भीतीनं तो गप्प राहिला. नर्स पुढच्या बाईकडं गेली.

उपचारांना डॉक्टर गमतीनं तालीम म्हणत. त्याच्या रक्तातून लढणाऱ्या पेशी काढल्या. विषाणूची ती दोन प्रथिनं ओळखायला त्यांना प्रयोगशाळेत शिकवलं, वाढवून वाढवून कोट्यवधी केलं आणि सलाइनमधून परत अंगात सोडलं. तंबाखूनं झालेल्या रोगात हे साधत नाही, कारण तिथं पेशी बिघडली तरी आपलीच असते, ओळखायला परकं असं ठळक काही नसतं. इथं परक्याची खूण पेशीपेशीत होती. दोन दिवस तापानं तो फणफणला. राजाक्का उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होती. मग ताप उतरला आणि मानेतली गाठ हळूहळू विरत गेली. जोडीला थोडासा शेक दिला. तोंडाला कोरड पडायची, पण आवाज राहिला. पावसाळा संपेपर्यंत यंत्राला त्याच्या लाळेत रोगाचा एकही तुकडा सापडेना.

तोवर गावात तंबाखूची गोष्ट पसरली होती. गावच्या तालमीतल्या ज्योतिराम वस्तादांनी विचारलं तेव्हा ती त्यानं त्यांनाही सांगितली होती. त्याच्या शब्दावर घडलेली पोरं तालमीत तोंडं पाडून बसली. वस्ताद मात्र म्हणाले, "चुकलास. पण कबूल केलंस. ह्याला छाती लागती." कुणीतरी त्याला कॅमेऱ्यापुढं बोलायला लावलं. 'मी तुम्हाला नको म्हणत होतो आणि स्वतः खात होतो,' हे त्याच्या त्या आवाजात हजारो लोकांनी ऐकलं. कितीतरी पोरांनी पुड्या फेकून दिल्याचं सांगितलं. हे ऐकून त्याला बरं वाटायचं. आपल्या खोट्यानं कुणाचं तरी भलंच झालं, असं तो स्वतःला सांगायचा.

राजाक्काला काय ऐकावं लागत होतं, ते त्याच्या कानावर येत नव्हतं. कांडपावर बायका तोंडाला पदर लावून बसत आणि मुसळांच्या आवाजात बोलत. नवरा घरात तंबाखू खातो आणि बायकोला ठाऊक नाही, असं कुठं असतं होय? हिनंच झाकलं असणार. दुसऱ्यांच्या पोरांना शहाणपण शिकवत हिंडत होते दोघं.  राजाक्का मिरच्यांची देठं खुडत खाली बघून बसायची.

दिवाळीनंतर तालुक्यातल्या तालीम संघानं अण्णांचा सत्कार ठेवला. प्रामाणिकपणाबद्दल, असं मागच्या फलकावर लिहिलं होतं. दुपारची वेळ, मार्केट यार्डातला मांडव, पुढं पैलवान पोरं, एका बाजूला बायका. त्याला फेटा बांधला, शाल पांघरली, चांदीची छोटी गदा हातात दिली. मग संघाचे अध्यक्ष म्हणाले की असा माणूस सावरायला घरची लक्ष्मीही तशीच लागते, वहिनींनी व्यासपीठावर यावं.

राजाक्का पहिल्या रांगेत बसली होती. ती उठली नाही.

"या की," तो माइकवरून हसून म्हणाला. लोकही हसले. "आमची बायको बुजरी आहे."

तिनं मान हलवून नको म्हटलं. अध्यक्षांनी पुन्हा बोलावलं. ती खुर्चीचे दोन्ही हात धरून बसून राहिली. तिच्या ह्या वागण्याचा त्याला राग आला. मग शेजारची बाई तिच्याकडं वाकली, काहीतरी बोलली, आणि आणखी दोघी उठून तिच्या खुर्चीमागं जाऊन उभ्या राहिल्या. साडी-चोळीचा मान कुणीतरी तिथंच नेऊन तिच्या मांडीवर ठेवला.

कार्यक्रम आटोपल्यावर तो तिच्याजवळ गेला. "लोकांसमोर असं करतात होय?"

"आधी माणसं जाऊ देत," ती हळू म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मांडव मोकळा झाल्यावर ती उठली. खुर्चीवर रक्त होतं. लुगड्याच्या मागं केवढा तरी डाग पसरला होता. त्यानं खांद्यावरची शाल काढून दिली. ती तिनं कमरेला गुंडाळली आणि खुर्चीवर मांडवातला पाण्याचा तांब्या ओतला.

गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, "कधीपासून हाय हे?"

"तुमची गाठ दिसायच्या आधीपासनं. थोडं थोडं. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. आता वाढलंय."

"आणि सांगायचं नाहीस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. उसानं भरलेल्या ट्रॉल्या समोरून हळूहळू चालल्या होत्या.

"तुम्ही तंबाखू खात नव्हता," ती म्हणाली.

त्यानं गाडी चालू करायला पुढं केलेला हात मागं घेतला.

"मामंजी खायचे. त्यांची धोतरं मी धुतलीत. वास कापडाला असतो, उशीला असतो. तुमच्या तोंडाचा वास मला ठाऊक नाही होय? त्याच दिवशी दवाखान्यात मला कळलं होतं, खोटं बोलताय म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही मला झाकताय."

त्याला समजेना. तिनं मग तसंच बाहेर बघत सांगितलं. शाळेत पोरींना लस द्यायला नर्सबाई आल्या होत्या, तेव्हा त्यांनी बायकांना बसवून माहिती दिली होती. पिशवीच्या तोंडाशी एक विषाणू राहतो, तोच घशातही जातो. आणि तेव्हाच तिचं हे सुरू झालेलं. "म्हटलं, तुमचं पाऊल वाकडं पडणार नाही, म्हणजे माझ्यातलाच तुमच्यात गेला. डॉक्टरबाईंनी तुम्हाला सांगितलं असणार, आणि माझी अब्रू जाऊ नये म्हणून तुम्ही तंबाखू अंगावर घेतली. एवढं नाव कमावलेला माणूस माझ्यापायी बदनाम झाला. त्या नळीत माझंच निघणार, हे मला दिसत होतं. तुम्ही एवढं झाकलंय आणि मी जाऊन उघडं करू? म्हणून नको म्हटलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "कांडपावर बायका बोलायच्या तेव्हा मला वाटायचं, बोलू देत. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलं, माझ्यानं एवढं ऐकवत नाही होय? मनात हात जोडायची मी तुम्हाला."

मांडवाचे बांबू सोडणारे गडी एकमेकांना हाका मारत होते. निवृत्तीला वाटलं, ह्या क्षणी आपण गाडीतून उतरून चालू लागावं आणि पुन्हा कुणाच्या नजरेला पडू नये.

"राजाक्का," तो म्हणाला, "मी तुला नव्हतो झाकत. मला झाकत होतो."

आणि त्यानं तिला हौसाचं सगळं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज कुठल्याही साध्या म्हाताऱ्या माणसासारखा येत होता.

 संपल्यावर तिनं विचारलं, "ती जिवंत हाय?"

"माहीत नाही."

"तिला कुणी तपासलं असंल?"

हा प्रश्न त्याच्या मनात एकदाही आला नव्हता. विषाणू तिच्याकडून त्याच्यात आला की त्याच्याकडून तिच्यात गेला, हेही कुणी सांगू शकलं नसतं, आणि इतके महिने तो तिला मनातल्या मनात दोष देत होता.

"मिरजेला चला," राजाक्का म्हणाली. "आत्ताच चला. परत घरी गेले तर माझा धीर व्हायचा नाही."

यंत्राला तिच्यातही तोच विषाणू सापडला. डॉ. मुजावरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. गर्भाशयाच्या तोंडाशी रोग आहे आणि तो ओटीपोटातल्या गाठींपर्यंत पोचला आहे. शेक, औषधं आणि शिकवलेल्या पेशी, तिन्ही लागणार.

"त्या पहिल्या वेळी नळी घेतली असती तर?" त्यानं विचारलं.

डॉक्टरांनी राजाक्काकडं पाहिलं. "सांगा," ती म्हणाली.

"तेव्हा बहुधा नुसत्या शस्त्रक्रियेवर भागलं असतं. बाकीचं टळलं असतं."

तिला पूर्ण शेक सोसावा लागला. जो त्याला द्यायची गरज नव्हती, तो तिला दिला. आतडी नाजूक झाली, भाकरी पचेनाशी झाली, डावा पाय सुजून जड झाला. तिच्या पेशींना शिकवून परत सोडलं तेव्हा तिलाही ताप भरला, आणि कपाळावर पट्ट्या ठेवायला तो बसला. त्याच्या हातातून ती पट्टी घ्यायची आणि स्वतःच्या हातानं ठेवायची. भांडली नाही, रडली नाही. लागेल तेवढंच बोलायची. उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाल्या की रोग थांबलाय, दर तीन महिन्यांनी बघत राहू. पाय मात्र तसाच राहणार होता.

त्या संध्याकाळी अंगणात तो तिच्या पायाला पट्टा बांधत होता. तो म्हणाला, "जत्रेचं मैदान आलंय. तिथं माइकवर खरं सांगून टाकतो. सगळ्यांसमोर. गदा परत देतो."

"नको."

"का? तुझं नाव घेणार नाही."

"मैदानात तुम्ही काय बी सांगितलं तरी लोक टाळ्याच वाजवणार. आधी खोटं सांगून शाल घेतली, आता खरं सांगून दुसरी घ्याल." तिनं पाय हळूच खाली घेतला. "सांगायचं असलं तर माझ्या बायकांपुढं सांगा. माझं नावही घ्या. त्यांनी मला बोलून घेतलंय, त्यांना कळू दे काय होतं ते."

 दहा-दहा हजारांच्या गर्दीपुढं तो उभा राहिला होता. कांडपावरच्या आठ-दहा बायकांपुढं उभं राहायच्या विचारानं तो उरलेला पट्टा गुंडाळत आणि पुन्हा सोडत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांडपाचं यंत्र बंद ठेवून बायका गोणपाटावर बसल्या. हवेत तिखट होतं, कुणी ना कुणी शिंकत होतं. राजाक्का भिंतीला टेकून पाय लांब करून बसली. तो दाराशी उभा राहिला, मग उभं राहणं बरोबर वाटेना म्हणून खाली बसला.

त्याला सुरुवात सापडेना. कुणाचा पोरगा, कुणाच्या हाताखालचा, अशी कुणाचीही ओळख त्यानं झोपेतून उठूनही करून दिली असती. शेवटी तो म्हणाला, "मी तंबाखू कधीच खाल्ली नाही." आणि मग अडखळत, मध्ये मध्ये थांबत सगळं सांगितलं. हौसाचं सांगितलं. यंत्रानं काय दाखवलं ते सांगितलं. राजाक्कानं नळी परत केली तेव्हा दारात उभा राहून आपण गप्प बसलो, हेही सांगितलं. एका तरुण सुनेनं लाजून तोंड फिरवलं. दुसरी उठून बाहेर निघून गेली. जी बाई सगळ्यांत जास्त बोलायची, ती राजाक्काच्या पायाकडं बघत राहिली.

तो थांबला. टाळी नाही, 'असू दे' नाही, 'छाती लागती' नाही. रस्त्यावरून कुणाची तरी म्हैस हंबरत गेली.

मग सगळ्यांत म्हातारी यमुनामावशी राजाक्काकडं वळली. त्याच्याकडं तिनं पाहिलंही नाही.

"ती नळी कुठं मिळती गं? माझ्या मधल्या सुनंला तसलंच काहीतरी चाललंय. सांगत नाही कुणाला."

"मिरजेला. मी येते संगट," राजाक्का म्हणाली.

"आणि दुखतंय का त्यात?"

"नाही. आपलं आपणच करायचं."

मग आणखी एकीनं विचारलं, आणखी एकीनं. त्यांचं बोलणं सुरू झालं, हळू आवाजात, डोकी एकत्र आणून. तो तिथं आहे हे त्या विसरल्या होत्या, किंवा विसरल्यासारखं करत होत्या. उठून जावं की बसावं हे त्याला कळेना. तो बसून राहिला.

दुपारी बायका घरी गेल्या. त्यानं राजाक्काला हात दिला. तो तिनं धरला, उठली, आणि भिंतीचा आधार मिळताच सोडला.

"आता काय वाटतंय?" तिनं विचारलं.

"लाज वाटतीया."

"वाटू दे," ती म्हणाली आणि जड पाय उचलत दाराकडं निघाली. "माझी तेवढी कमी झाली."